जंत गिळता येत नाही, मग शरीर त्याला हाकलतं कसं?

शाळेत जंतनाशक गोळ्या वाटायचा दिवस आला की घरोघरी हमखास ऐकू येतं, 'एवढा गूळ खातो, जंत होणारच!' गुळाचा यात काडीचा संबंध नाही. गोलकृमीची अंडी विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, न धुतलेल्या हातांवरून आणि कच्च्या भाजीपाल्यातून पोटात जातात. अंकुशकृमीच्या अळीला तर तोंडाचीही गरज पडत नाही. ती अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात पोचते, तिथून वर घशाशी येते आणि गिळली गेली की आतड्यात मुक्काम ठोकते.

आता शरीरापुढची अडचण बघा. जिवाणू आला तर पांढरी पेशी त्याला गिळून टाकते. विषाणू आला तर तो ज्या पेशीत लपलाय तीच मारून टाकली जाते. पण गोलकृमीची मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब असते आणि आपली पांढरी पेशी जेमतेम १२ ते १५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लांबीत जवळपास वीस हजार पटींचा फरक! गिळायचा प्रश्नच येत नाही.

म्हणून जंतांसाठी प्रतिकारयंत्रणेची एक वेगळीच फळी आहे. तिच्यातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फुप्फुसातून प्रवास करणाऱ्या अळ्यांना घेरून त्यांच्या अंगावर विषारी प्रथिनं ओततात. रक्ततपासणीत इओसिनोफिल वाढलेले दिसले की डॉक्टर जंतांची शंका घेतात, ती यामुळेच. पण आतड्याच्या पोकळीत बसलेल्या प्रौढ जंताचं काय? तिथे युद्धाची रीतच बदलते. मारण्यापेक्षा हाकलून देण्यावर भर असतो.

आणि या कामातली माझी सगळ्यात आवडती पेशी म्हणजे टफ्ट पेशी. आतड्याच्या अस्तरात ती शंभरात एखादीच सापडते. तिच्या टोकाला पोकळीच्या दिशेने एक राठ झुपका असतो. १९५० च्या दशकापासून सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसत होती, पण तिचं काम काय हे कोणालाच कळत नव्हतं. २०१६ च्या सुरुवातीला अमेरिका आणि फ्रान्समधल्या तीन गटांनी थोड्याच दिवसांच्या अंतराने उत्तर दिलं: ही पेशी आतड्यातल्या परजीवींची चाहूल घेते. त्यासाठी ती चवीची यंत्रणा वापरते! जिभेवर गोड आणि कडू चवीचा संदेश पुढे पोचवणारं टीआरपीएम-५ हे प्रथिन टफ्ट पेशीतही असतं. गुळाची गोडी कळवणारा रेणू आतड्यात जंतांविरुद्धच्या पहाऱ्याला बसलेला आहे. किती सुंदर गोष्ट आहे ही!

चाहूल लागली की टफ्ट पेशी इंटरल्यूकिन-२५ हा संदेशरेणू सोडते. तो अस्तराखालच्या आयएलसी-२ या पेशींना जागं करतो. या जन्मजात प्रतिकाराच्या पेशी आहेत, त्यांना विशिष्ट शत्रूची ओळख पटावी लागत नाही. त्या इंटरल्यूकिन-१३ सोडतात आणि हा दुसरा रेणू अस्तराच्या खळग्यांतल्या मूळपेशींपर्यंत पोचतो. आतड्याचं अस्तर एरवीही चार-पाच दिवसांत नवं होत असतं. आता नव्या पेशी घडताना त्यांतल्या जास्त पेशी टफ्ट आणि गॉब्लेट प्रकारच्या होतात. टफ्ट वाढल्या की इंटरल्यूकिन-२५ वाढतं, त्यामुळे १३ वाढतं, त्यातून टफ्ट आणखी वाढतात. गॉब्लेट पेशी चिकट श्लेष्मा ओततात, आतड्याचे स्नायू जोरात आकुंचन पावतात, पाणी झरतं आणि जंताची पकड सुटते. उंदराला एका प्रकारच्या जंताची लागण केली तर साधारण दहा दिवसांत तो बाहेर पडतो. ज्या उंदरांत टफ्ट पेशी तयारच होत नाहीत, त्यांच्यात जंत कितीतरी जास्त काळ टिकून राहतात.

मग माणसाच्या आतड्यात अंकुशकृमी वर्षानुवर्षं कसा राहतो? जंतही गप्प बसत नाही. उंदराच्या आतड्यातल्या एका जंताचं एक प्रथिन २०१७ मध्ये सापडलं. आपलं टीजीएफ-बीटा हे प्रथिन प्रतिकाराला आवर घालतं. त्याच्याशी रचनेत साम्य नसूनही जंताचं हे प्रथिन हुबेहूब तेच काम करतं. माणसातही जुनाट लागणीत प्रतिकार शांत करणाऱ्या पेशी आणि रेणू वाढलेले दिसतात.

इथूनच एक नवं फॅड निघालं. जंत प्रतिकार शांत करतात, तर दमा आणि ॲलर्जीवर मुद्दाम जंत का घेऊ नयेत? कल्पना अगदीच निराधार नव्हती. आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये शिस्टोसोमा या रक्तात राहणाऱ्या जंताची लागण असलेल्या मुलांत धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी कमी आढळली होती. पण इंग्लंडमध्ये दम्याच्या रुग्णांना अंकुशकृमीच्या दहा अळ्या देऊन पाहिल्या, ठोस फायदा दिसला नाही. क्रोन्स रोगावर, म्हणजे आतड्याच्या जुनाट दाहावर, डुकराच्या जंताची अंडी देण्याची मोठी चाचणीही फसली. तरीही असे जंत इंटरनेटवर विकले जातात. रक्त पिणारा अंकुशकृमी आपल्याकडे पंडुरोगाचं एक कारण आहे. तो पैसे देऊन पोटात घेणं मला धोकादायक वाटतं.

एकदा लागण होऊन गेली म्हणून पुढच्या लागणीपासून खात्रीचं संरक्षण मिळत नाही. गोळी घेतलेलं मूल त्याच मातीत खेळलं की काही महिन्यांत पुन्हा जंत होतात, म्हणून अल्बेंडाझोल हे जंतनाशक औषध ठरावीक काळाने पुन्हा द्यावं लागतं. लस बनवणंही सोपं नाही. अंकुशकृमीच्या अळीच्या एका प्रथिनाची लस ब्राझीलमध्ये दिली तेव्हा काहींच्या अंगावर पित्त उठलं, कारण जुन्या लागणीमुळे त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धचं आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड, आधीच तयार होतं. त्यानंतरच्या लसींसाठी संशोधकांनी अळीऐवजी प्रौढ जंत गाठला आणि प्यायलेलं रक्त पचवायला त्याला लागणारी प्रथिनं निवडली.