आगीचा पत्ता

आगीची वर्दी घेणारा आधी ‘कुठे?’ विचारतो, काय पेटलंय ते नंतर. आज बंबातल्या स्क्रीनवर घटनास्थळ, जवळचे हायड्रंट (बंबाला पाणी घ्यायचे रस्त्यावरचे नळ) आणि बाकीच्या गाड्या एकत्र दिसतात, त्यामुळे हा प्रश्न अलीकडेच सुटला असं वाटतं. खरं तर १८५२ मध्येच तो बऱ्यापैकी सुटला होता. पुढे टेलिफोन खिशात आला आणि तो पुन्हा अवघड झाला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये बॉस्टन शहरात विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांची तारायंत्रावर चालणारी आगीच्या सूचनेची यंत्रणा सुरू झाली. रस्त्याच्या कडेला पेटी असे. तिचा दांडा फिरवला की पेटीचा क्रमांक ठोक्यांच्या रूपात मुख्य कचेरीत उमटे. पेटी जागची हलत नसल्यामुळे क्रमांक हाच पत्ता. घाबरून बोबडी वळलेल्या माणसाची वर्दीही योग्य कोपऱ्यावर पोचायची.

तपशीलवार नकाशे मात्र आले विमावाल्यांमुळे. पॉलिसी देण्याआधी शेजारचं घर कशाचं आहे हे त्यांना कळायला हवं होतं. अमेरिकेत सॅनबॉर्न यांनी १८६७ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने हजारो गावांचे नकाशे काढले, बहुतेक एका इंचाला ५० फूट या प्रमाणात. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी. शिवाय मजले आणि पाण्याच्या वाहिन्याही. इमारत बदलली की तेवढ्या जागेपुरता नवा तुकडा छापून जुन्या पानावर डकवत. आजच्या भाषेत अपडेटच, फक्त खळ लावून.

जंगलात ना गल्ली, ना घर क्रमांक. तिथे अमेरिकी वनसेवेतल्या विल्यम ऑस्बोर्न यांनी १९१० च्या दशकात ‘फायर फाइंडर’ बनवला: टेहळणी मनोऱ्यात मधोमध गोल नकाशा, त्याभोवती अंशांच्या खुणा असलेलं कडं आणि धूर नेमका हेरायला दर्शिकेत ताणलेला घोड्याचा केस. दोन मनोऱ्यांवरून अंश कळले की दोन रेषा जिथे छेदतील तिथे आग.

संगणकाला पत्ता कळू लागला तो जनगणनेमुळे. अमेरिकेच्या १९७० च्या जनगणनेसाठी रस्त्यांचा प्रत्येक तुकडा, त्याची दोन्ही टोकं आणि डाव्या-उजव्या बाजूचे घर क्रमांक नोंदले गेले. मग १४५ क्रमांकाचं घर रस्त्यावर साधारण कुठे पडेल हे अंदाजाने काढता येऊ लागलं.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये रँड या संशोधन संस्थेचे गणिती अग्निशमन केंद्रं कुठे असावीत याची आकडेमोड करत होते. त्यांचं एक सूत्र आजही शिकवतात: बंबाला सरासरी किती अंतर कापावं लागेल, हे क्षेत्रफळाला मोकळ्या बंबांच्या संख्येने भागून येणाऱ्या आकड्याच्या वर्गमूळावर ठरतं. म्हणजे अंतर निम्मं करायचं तर बंब चौपट हवेत. सूत्र देखणं आहे. पण शहराची तिजोरी रिकामी होत असताना अशाच प्रारूपांचा आधार घेऊन काही तुकड्या बंद झाल्या आणि ब्राँक्ससारख्या गरीब, सतत आगी लागणाऱ्या भागांना त्याची झळ बसली. प्रवासाच्या वेळेचं गणित प्रत्यक्ष रहदारीला धरून नव्हतं, ही त्यावरची टीका मला रास्त वाटते.

घरच्या फोनला निदान तारेच्या टोकाचा पत्ता होता. मोबाइलवरून आलेल्या वर्दीत सुरुवातीला फार तर टॉवर कळे, आणि त्याच्या टप्प्यात अख्खी वस्ती असे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९६ मध्ये ठिकाण पुरवण्याची सक्ती केली. मे २००० च्या सुरुवातीला नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली गेली आणि सुमारे १०० मीटरची अनिश्चितता १०-२० मीटरवर आली. ब्रिटनमध्ये २०१४ पासून आणीबाणीचा नंबर लावताच फोन आपलं ठिकाण आपणहून पाठवू लागला. दीडशे वर्षांनी का होईना, बॉस्टनच्या पेटीची युक्ती परतली.

उपग्रहही मदतीला आहेत. २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी या उपग्रहावरचा संवेदक सुमारे ३७५ मीटरच्या चौकटीत उष्णता टिपतो. स्क्रीनवरचा लाल ठिपका त्या चौकटीच्या मध्यावर पडतो. ज्वाळा कोपऱ्यातही असू शकतात.

आता अडतंय ते उंचीपाशी. उंच इमारतीत ठिपका अचूक असूनही मजला कळत नाही. अमेरिकेचा नियम मोबाइलवरच्या ८० टक्के वर्द्यांसाठी वर-खाली ३ मीटरपर्यंतची अचूकता मागतो, म्हणजे जेमतेम एक मजला. उंचीचा आकडाही जमिनीपासून मोजून नव्हे, तर उपग्रहांच्या गणितात धरलेल्या पृथ्वीच्या काल्पनिक गुळगुळीत पृष्ठभागापासून. तो आकडा कितव्या मजल्याचा, हे जिन्याशी उभ्या जवानाला कुणीतरी सांगावंच लागतं.