पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली पिशवी

पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीतून काढला की ईआरसीपीच्या, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या त्या प्रक्रियेच्या, रिपोर्टात कधी कधी एक ओळ जादा असते: पेरिअँप्युलरी डायव्हर्टिक्युलम, म्हणजे पित्तनलिकेच्या तोंडाजवळ आतड्याच्या भिंतीला आलेली पिशवी. पेशंट सत्तरीच्या पुढचा असेल तर ती दिसण्याची शक्यता बरीच वाढते. नातेवाईक हबकतात, डॉक्टर म्हणतात, ‘त्याचं काही करायचं नाही.’ डॉक्टरांचं म्हणणं बहुतेक वेळा खरंच असतं, पण या पिशवीने एंडोस्कोपी करणाऱ्यांना वर्षानुवर्षं चांगलंच दमवलं आहे.

जठरातून अन्न पुढे जातं ते ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात. तो स्वादुपिंडाच्या डोक्याभोवती वळसा घेतो. त्याच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर पॅपिला नावाचा छोटा उंचवटा असतो आणि पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका तिथे उघडतात. नलिका आणि रक्तवाहिन्या भिंत भेदून आत शिरतात तिथे स्नायूंचा थर मुळातच कच्चा. वय वाढतं तसं आतलं अस्तर त्या जागेतून बाहेर फुगतं. जुन्या टायरच्या चिरेतून ट्यूब डोकावते, तसं. म्हणूनच चाळिशीच्या आत ही पिशवी क्वचित आढळते.

तिची पहिली नोंद १७१० सालची. पॅरिसमध्ये शोमेल यांनी ड्युओडेनमच्या अशा पिशवीत खडे सापडल्याचं नोंदवलं. दहाच वर्षांनी, १७२० मध्ये, जर्मनीत आब्राहाम फाटर यांनी पॅपिलाचं वर्णन केलं. पित्ताची ये-जा सांभाळणारा वर्तुळाकार स्नायू मात्र १८८७ पर्यंत थांबला. तो नीट अभ्यासला पेरुजातल्या रुग्गेरो ओड्डी या वैद्यकीय विद्यार्थ्याने, आणि आजही स्नायूला त्याचंच नाव आहे. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत या पिशव्या विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिसू लागल्या. तरीही सर्जनच्या लेखी ती एक गंमतच होती. १९३४ मध्ये लेमेल यांनी दाखवलं की खडा किंवा गाठ नसतानाही नुसत्या पिशवीच्या दाबाने पित्तनलिका अडून कावीळ होऊ शकते. ‘लेमेल सिंड्रोम’ हे नाव तिथूनच आलं. असे पेशंट फार थोडे.

खड्यांशी तिचं नातं जास्त महत्त्वाचं. पित्ताशय काढलं, तरी नलिकेत पुन्हा खडा कसा झाला, हा प्रश्न ओपीडीत नेहमीचा. पित्ताशयातले बरेचसे खडे कोलेस्टेरॉलचे. नलिकेत जागेवरच तयार होणारे मात्र बहुधा तपकिरी आणि मऊ असतात. जपानच्या माकी यांनी १९६६ मध्ये त्यामागचं कारण मांडलं: जंतूंचं बीटा-ग्लुकुरोनिडेज हे विकर पित्तात विरघळलेलं बिलिरुबिन हे रंगद्रव्य मोकळं करतं, ते कॅल्शियमशी जुळून खाली बसतं. पिशवीत अन्न साचतं, जंतू वाढतात, शेजारच्या स्नायूचा बंदोबस्त ढिला पडला की ते नलिकेत चढतात. म्हणून पिशवी असलेल्यांत नलिकेतले खडे जास्त आणि ते काढल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाणही जास्त.

हे खडे काढायचे तर पोट उघडावं लागे. बाझेलच्या कुर्व्हाझिए यांनी १८९० मध्ये नलिका उघडून खडा यशस्वीपणे काढला आणि पुढची ऐंशीएक वर्षं तोच मार्ग राहिला. १९६८ मध्ये वॉशिंग्टनचे सर्जन विल्यम मॅक्यून यांनी एंडोस्कोपच्या बाजूला नळी बांधून ती पॅपिलात घातली. यश थोड्याच जणांत आलं. मग जपानी डॉक्टर आणि कंपन्यांनी बाजूला पाहणारी दुर्बीण घडवली, आणि भिंतीवरचा तो उंचवटा समोर दिसायला लागला. १९७४ मध्ये एर्लांगनचे क्लासेन व डेमलिंग आणि क्योटोचे कावाई यांनी स्वतंत्रपणे विजेच्या तारेने स्नायू कापून नलिकेचं तोंड मोठं करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मूत्रनलिकेतल्या खड्यांसाठी बनलेली तारेची बास्केटही या कामाला आली.

इथेच पिशवीने आपला इंगा दाखवला. पॅपिला कधी तिच्या कडेवर, कधी थेट आत, कधी अर्धवट पचलेल्या अन्नाखाली. आधी पाणी मारून ते धुवायचं. तरी तोंड पलीकडे वळलेलं असलं तर एका हत्याराने अस्तर ओढून धरायचं आणि दुसऱ्याने नलिकेत शिरायचं, किंवा क्लिप लावून ते बाहेर वळवून ठेवायचं. नेहमी काप पडद्यावर साधारण ११ ते १२ वाजल्याच्या दिशेने घेतात. पिशवीमुळे नलिकेचीच दिशा फिरलेली असते आणि पिशवीच्या भिंतीला तर स्नायूच नसतो. भोक पडण्याच्या धास्तीने सुरुवातीला पिशवी दिसली की काप लहान ठेवत किंवा टाळतच. माझ्या मते ही धास्ती थोडी वाढवलेली होती. पुढच्या अनुभवात मोठी अडचण पॅपिला शोधण्याची निघाली. नलिकेत शिरता आलं, तर अनुभवी हातांत निकाल इतरांइतकेच चांगले येतात.

लहान काप आणि मोठा खडा, यावर उत्तर होतं फुगा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत श्टारिट्झ यांनी न कापता छोट्या फुग्याने तोंड रुंदावलं. कल्पना आकर्षक, पण अमेरिकेतल्या २००४ च्या चाचणीत फुगा वापरलेल्यांपैकी १५.४ टक्क्यांना स्वादुपिंडाची सूज आली, कापलेल्यांत ०.८ टक्क्यांना; दोघे दगावले आणि चाचणी थांबवावी लागली. तोवर तुर्कस्तानात इझमीरच्या एर्सोझ यांनी २००३ मध्ये दोन्हींची सांगड घातली होती: आधी काप, मग १२ ते २० मिलिमीटरचा मोठा फुगा. मुंबईचे अमित मायदेव आणि भंडारी यांनी २००७ मध्ये ६० रुग्णांचा असाच अनुभव मांडला. पिशवीजवळच्या पॅपिलासाठी ही पद्धत खास सोयीची, कारण काप मर्यादित ठेवता येतो.

पिशवी स्वतः मात्र आजही कापून काढत नाहीत. रक्तस्राव, छिद्र, वारंवार दाह अशी वेळ आली तरच सर्जरीचा विचार होतो. ती नोंद मात्र फाइलला जपून ठेवायची. सीटी स्कॅनमध्ये द्रवाने भरलेली पिशवी स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ किंवा गळू वाटल्याचे किस्से आहेत. पुढे पुन्हा ताप, थंडी, कावीळ झाली तर नलिकेत नवा खडा आहे का, हे आधी बघावं लागतं आणि दुर्बीण घालणाऱ्यालाही आत शिरण्याआधीच तयारी ठेवता येते.