दोष चासीचा की बॉडीचा? बस रिकॉलची पार्श्वभूमी

कारमध्ये उत्पादन दोष निघाला की कंपनीचा फोन येतो, गाडी सर्व्हिस सेंटरला जाते, भाग फुकट बदलून मिळतो. यालाच रिकॉल म्हणतात. एसटीचं इतकं सोपं नाही. चासी, म्हणजे इंजिन, चाकं आणि ब्रेकसह खालचा सांगाडा, कंपनीची, पण बॉडी बरीच वर्षं महामंडळाच्याच दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत बांधली गेली. स्टिअरिंग-ब्रेकचा दोष चासीवाल्याच्या माथी. आसनांखालून नेलेली वायर किंवा संकटकाळी न उघडणारं दार बॉडी बांधणाऱ्याच्या.

भारतात रिकॉलची सुरुवात ऐच्छिक होती. २०१२ मध्ये ‘सियाम’ या वाहन उत्पादकांच्या संघटनेने तसं धोरण आणलं. सक्ती आली २०१९ च्या दुरुस्तीने, मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ घालून. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतली वाहनं, कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपये दंड, आणि सक्तीच्या रिकॉलसाठी बससारख्या मोठ्या प्रवासी वाहनांच्या बाबतीत वार्षिक विक्रीच्या ३ टक्के इतक्या तक्रारी, अशी ही चौकट. एसटीच्या ताफ्यात दहा वर्षं ओलांडलेल्या गाड्या सर्रास आहेत. त्यांना या कायद्याचा उपयोग शून्य.

तक्रारींचा आकडा भरणं हीच खरी मेख आहे. समजा चाळीसगावची गाडी कन्नड घाट उतरताना एका बाजूला ओढते. ब्रेकचा ड्रम उघडला तर एका चाकाचा स्लॅक अ‍ॅडजस्टर, म्हणजे ब्रेकमधलं अंतर जुळवणारा भाग, ढिला. ते चाक ब्रेक कमी धरतं, बाकीच्यांवर जादा भार पडतो, ड्रम तापतात आणि ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या लायनिंगची पकड सुटू लागते. एकाच गाडीत असं झालं तर देखभालीची चूक. पण एकाच वेळी बनलेल्या, त्याच लॉटच्या गाड्यांत, त्याच चाकाला, साधारण तेवढ्याच किलोमीटरला ते दिसलं तर संशय उत्पादनावर जातो. चोपडा, भुसावळ, शिरपूर अशा एकेका आगाराला एकदोनच गाड्या भेटतात. मेळ लागतो तो जळगाव किंवा धुळ्याच्या विभागीय कार्यशाळेत, तोही कोणी नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या तरच.

आगीचं गणित आणखी गुंतागुंतीचं. क्लिप निसटलेली वायर चासीच्या कडेवर घासत राहते, इन्सुलेशन जातं, शॉर्ट होतो. वर मे महिन्यातली जळगावची ४५ अंशांची उष्णता. त्यात नंतर जोडलेल्या दिव्यांसाठी कोणी जादा अँपिअरचा फ्यूज बसवलेला असेल तर तो उडतच नाही, आणि कंपनीलाही हात झटकायला कारण मिळतं.

कायद्याची वाट न पाहता बससेवा चालवणाऱ्या संस्थेनेच गाड्या थांबवल्याचं ठळक उदाहरण मुंबईचं: फेब्रुवारी २०२३ मध्ये आगीच्या घटनांनंतर ‘बेस्ट’ने भाडेतत्त्वावरच्या ४०० सीएनजी बस रस्त्यावरून काढल्या.

आगाराने तक्रार पाठवताना चासी क्रमांक, किलोमीटर, भागावरचा बॅच क्रमांक आणि फोटो द्यावेत. बॅच क्रमांक महत्त्वाचा, कारण रिकॉल अनेकदा ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांपुरताच असतो. शेजारी उभी तशीच दिसणारी बस त्यात नसेलही. काढलेला भाग टॅग लावून कपाटात ठेवावा, भंगारात टाकू नये. कंपनीचा माणूस आला की आधी तोच मागतो.