कलचाचणीपासून समुपदेशकाच्या खोलीपर्यंत

मुंबईच्या महाविद्यालयांत समुपदेशक असावा, ही अपेक्षा आता सर्वमान्य झाली असली तरी या कामाची सुरुवात नोकरीच्या प्रश्नातून झाली. १९०८ मध्ये बोस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले; आधी स्वतःला ओळखावे, मग कामांची माहिती घ्यावी आणि दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा, ही त्यांची मांडणी. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांचे, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचे आणि १९५० मध्ये मुंबई सरकारचे अशी मार्गदर्शन केंद्रे सुरू झाली. कलचाचणीवरचा आपल्याकडील विश्वास इतका जुना आहे, आणि दहावीनंतरच्या घरगुती चर्चांत तो अजूनही जाणवतो.

दुसरा प्रवाह समाजकार्याचा. १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कने, म्हणजेच आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, वर्गातील अभ्यासाला फील्डवर्कची जोड दिली. माझ्या मते समुपदेशकाच्या घडणीला या परंपरेने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नोंदवही. प्रशिक्षणार्थी भेटीतील संवाद आठवून जमेल तितका शब्दशः लिहितो आणि त्या क्षणी आपल्याला काय वाटले तेही टिपतो. समजा, केटी लागल्याचे, म्हणजे एखाद्या विषयात नापास झाल्याचे, घरी न सांगितलेली एकोणीस वर्षांची मुलगी समोर गप्प बसली आहे आणि प्रशिक्षणार्थी घाईने म्हणते, ‘काळजी करू नकोस, होईल सगळं नीट.’ संध्याकाळी ती समासात लिहिते : ‘तिचे गप्प राहणे मला सहन झाले नाही.’ सुपरव्हिजनच्या, म्हणजे वरिष्ठांसोबत कामाचा आढावा घेण्याच्या, तासाला चर्चा होते ती या वाक्यावर. प्रशिक्षणार्थी स्वतःही बावीस-तेवीस वर्षांचीच असते, निकालाची धास्ती तिनेही नुकतीच अनुभवलेली असते, आणि म्हणून तिची व्यावसायिक वाढ व्यक्तिगत वाढीपासून वेगळी काढता येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये समुपदेशकाचा सच्चेपणा ही बदलाची आवश्यक अट मानली, तिचा प्रत्यक्ष अर्थ इथे उमगतो.

कायद्याची चौकट मात्र उशिरा आली. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी आणली, पण महाविद्यालयातील सर्वसाधारण समुपदेशक तिच्या बाहेरच राहिला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. या जागांवर येत्या काही वर्षांत आजचे प्रशिक्षणार्थीच बसतील, आणि पदवी हाती पडल्यानंतरही त्यांच्या नोंदवहीचा समास वाचणारे कोणी वरिष्ठ त्यांना लाभावे, यासाठी महाविद्यालयांनी वेळ व पैसा आतापासूनच बाजूला काढायला हवा.