सान-त्झ-चिंग (त्रिअक्षरी सूत्र)

चीनमध्ये मुलांना वाचनाची आणि चांगल्या वळणाची पहिली ओळख करून देणारी पद्यमय पोथी. नावाचा अर्थ ‘तीन अक्षरांचे सूत्र’. प्रत्येक चरणात तीनच चिन्हे, एकूण हजारावर. तिचे कर्तृत्व परंपरेने सुंग राजवंशाच्या काळातील पंडित वांग यिंगलिन (१२२३–१२९६) यांना दिले जाते, मात्र त्यावर एकमत नाही.

चिनी लिपीला बाराखडी नाही. एकेक चिन्ह सुटे लक्षात ठेवावे लागते, आणि तिथे तीन-तीनचा ठेका कामी येतो. मुले आधी नुसते घोकत. अर्थ पुष्कळ नंतर उलगडे. धडा म्हणून दाखवताना मूल गुरुजींकडे पाठ करून उभे राही. शरीराची पाठ आणि पाठांतर या दोहोंसाठी चिनीत चिन्हही एकच आहे. (मराठीतही शब्द एकच दिसतो, पण तो निव्वळ योगायोग.)

‘माणूस मुळात चांगला’ हा आरंभीचा विचार कन्फ्यूशियसच्या परंपरेतील तत्त्वज्ञ मेन्सियसचा, तर ‘स्वभाव जवळचे, सवयींनी दूर जातात’ हा लगेच येणारा खुद्द कन्फ्यूशियसचा. पुढे मेन्सियसची आई येते: चांगल्या शेजारासाठी घर बदलणारी, मुलगा अभ्यास टाळतो म्हणून मागावरचे विणकाम तोडणारी. न शिकवता नुसते पोसले तर दोष बापाचा, शिकवण्यात शिस्त नसेल तर आळस गुरूचा, असेही पोथी बजावते. पुस्तक मुलांचे, पण पहिली कानउघाडणी मोठ्यांची! मुलांसमोर आदर्श मग येतात. त्यांतला खुंग रोंग चार वर्षांचा असताना मोठी नासपती भावांसाठी सोडतो.

त्यानंतर अंक, ऋतू, धान्ये, अभिजात ग्रंथ आणि राजवंशांची लांबलचक, काहीशी रुक्ष यादी. राजवंश बदलले तशी तीत भर पडत गेली, म्हणून प्रतींमध्ये फरक आढळतो. शेवटी काजव्यांच्या किंवा बर्फाच्या उजेडात वाचणारे, झोप येऊ नये म्हणून केस तुळईला बांधणारे विद्यार्थी भेटतात.

‘शंभर आडनावे’ आणि ‘सहस्राक्षरी’ या पोथ्या हिच्या जोडीने शिकवल्या जात. हा साचा इतरांनीही उचलला: मिशनरी वॉल्टर मेडहर्स्ट यांनी १८२३ मध्ये ख्रिस्ती त्रिअक्षरी छापली, आणि १८५३ मध्ये राजसत्तेविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांनी स्वतःची काढली. १९०५ मध्ये सरकारी अधिकारी निवडणाऱ्या राजदरबारी परीक्षा बंद झाल्या आणि जुन्या शिक्षणाचा आधारच गेला. १९७४ च्या कन्फ्यूशियसविरोधी मोहिमेत या पोथीवर जाहीर टीका झाली. आता ती चित्रे आणि रोमन लिपीतील उच्चारांसह पुन्हा मुलांच्या हाती आली आहे.