पडद्याआधी पान

डोळे मिटा आणि मनात एक टेबल आणा. त्यावर एक चेंडू आहे. कुणीतरी येतं, चेंडूला हलकेच ढकलतं, तो घरंगळत जाऊन खाली पडतो. आता सांगा, चेंडूचा रंग कोणता होता? ढकलणारी व्यक्ती स्त्री होती की पुरुष? टेबल किती मोठं होतं?

यातल्या एखाद्या तरी प्रश्नापाशी बरेच जण अडखळतात. रंग विसरलेला नसतो, तो कधी भरलेलाच नसतो. एरिक बिगेलो आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. मनात दृश्य उभं करताना माणसं अगदी ठळक तपशीलसुद्धा मोकळे ठेवतात, आणि तरीही ते दृश्य त्यांना अपुरं वाटत नाही.

फँटसी कादंबरी या मोकळ्या जागांवरच जगते. लेखक ड्रॅगनच्या पंखांची फडफड ऐकवतो, किल्ल्याचा एखादा बुरूज दाखवतो. उरलेलं वाचकाचं मन हवं तेव्हा आणि हवं तेवढंच भरतं. कॅमेऱ्याला ही मुभा नाही. पडद्यावरच्या ड्रॅगनला कुठला तरी एक रंग द्यावाच लागतो, राणीला कुठलं तरी एक नाक असावंच लागतं. म्हणून आधी कादंबरी वाचावी की थेट मालिका पाहावी, हा प्रश्न मला फक्त आवडीनिवडीचा वाटत नाही. दोन्ही वाटांवर मनात वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि त्यातली एक सहसा मागे फिरवता येत नाही.

मनातलं चित्र आणि डोळ्यांनी पाहिलेलं चित्र यांच्यातली भिंत वाटते तितकी भक्कम नाही. अमेरिकन संशोधक शेव्हस पर्की हिने १९१० साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. तिने लोकांना समोरच्या काचेच्या पडद्याकडे पाहत केळं, पान, टोमॅटो अशा वस्तू कल्पायला सांगितल्या. त्यांच्या नकळत त्याच वस्तूंची अतिशय अंधूक चित्रं मागून पडद्यावर टाकली जात होती. जवळजवळ सगळ्यांनी ती चित्रं आपल्याच कल्पनेतली म्हणून स्वीकारली. बाहेरून आलेलं चित्र इतक्या सहज 'आपलं' होऊन बसतं.

आठवणींचंही तसंच. मार्सिया जॉन्सन आणि कॅरल रे यांनी १९८१ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट आपण पाहिली होती की कल्पिली होती, हे मन आठवणीच्या पोतावरून ठरवतं. पाहिलेल्या गोष्टीच्या आठवणीत रंग, आकार, जागा असे इंद्रियांनी टिपलेले तपशील जास्त असतात. कल्पिलेलीत ते कमी, विचारांच्या खुणा जास्त. कादंबरी वाचताना घडलेला नायकाचा धूसर चेहरा आणि दर आठवड्याला तासभर पाहिलेला नटाचा चेहरा समोरासमोर आले, तर कोण टिकेल हे उघड आहे. मालिका पाहून मग पुस्तक उघडणाऱ्याच्या मनात तर ही लढत होतच नाही. पहिल्या पानापासून नट हजर असतो.

फक्त चेहराच नाही, आवाजही येतो. मानसशास्त्रज्ञ स्टीफन कॉसलिन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७७ साली लोकांना आधी दोन व्यक्तींचं बोलणं ऐकवलं, एकीचं भरभर, दुसरीचं संथ. मग त्या व्यक्तींनी लिहिलेला म्हणून मजकूर वाचायला दिला. संथ बोलणाऱ्याचा मजकूर लोकांनी संथपणे वाचला. कुणीही तसं करायला सांगितलं नव्हतं. म्हणजे एकदा ऐकलेला आवाज आपल्या मूक वाचनाचा वेगसुद्धा ठरवू शकतो. एखाद्या जादूगाराची भूमिका करणाऱ्या नटाने संवाद घोगऱ्या, थकलेल्या स्वरात म्हटले असतील, तर कादंबरीतला त्याचा खट्याळपणा वाचकाच्या कानापर्यंत पोचायला किती कष्ट पडतील, याचा विचार करून पाहा.

कधीकधी पडदा पुस्तकाला सरळ खोटं ठरवतो. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ साली सुरू झालेल्या अर्थसी या कादंबरीमालेतला नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आहे. त्या जगातली बहुतेक माणसं गोरी नाहीत, आणि ही निवड लेखिकेने पूर्ण विचारांती केली होती. २००४ च्या टीव्ही रूपांतरात गेड गोरा झाला. ले ग्विन यांनी त्यावर जाहीर लेख लिहून तीव्र हरकत घेतली. मला ती हरकत शंभर टक्के पटते. ज्याने आधी ते रूपांतर पाहिलं, त्याला पुस्तकातलं कातडीचं वर्णन वाचतानाही आधी दिसलेला चेहरा पुसून काढावा लागणार, आणि वाचनाच्या ओघात हे काम कुणी दर पानावर करत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वात मोठा आक्षेप: आधी वाचलं तर शेवट कळतो, मग मालिकेत उरलं काय? यावरचे प्रयोग गमतीचे आहेत. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉनथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये १२ लघुकथा वापरून पाहिलं, तर शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना सरासरीने जास्त आवडल्या. २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि जुडिथ रोझेनबॉम यांना मात्र उलट निष्कर्ष मिळाला, शेवट फुटल्याने आनंद कमी झाला. तेव्हा स्पॉयलरने काहीच बिघडत नाही असं म्हणणं घाईचं ठरेल. पण सगळंच बिघडतं, हा समज तर नक्कीच चुकीचा आहे.

मला यापेक्षा रिचर्ड गेरिग यांचं १९८९ चं काम जास्त बोलकं वाटतं. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे त्यांच्या वाचकांना पक्कं ठाऊक होतं. पण ते पद स्वीकारतील की नाही अशी शंका निर्माण करणारा मजकूर वाचल्यावर, 'वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले' या वाक्याला 'बरोबर' म्हणायला त्यांना जास्त वेळ लागला. माहीत असलेली गोष्टही कथेच्या भरात क्षणभर बाजूला सारली जाते. उत्कंठेला अज्ञानाची गरज असतेच असं नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेतल्या त्या कुप्रसिद्ध लग्नात काय घडतं, हे वाचकांना २००० सालीच कळलं होतं. तो भाग २०१३ च्या जूनमध्ये प्रसारित झाला तेव्हा कितीतरी वाचकांनी न वाचलेल्या मित्रांना शेजारी बसवून त्यांच्या प्रतिक्रियांचे व्हिडिओ काढले. त्यांच्यासाठी माहीत असणं हाच नव्या उत्कंठेचा उगम होता. (लग्नात काय होतं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी तिसरा खंड हाती घ्यावा.)

तरीही आधी मालिका पाहणाऱ्यांच्या बाजूने एक खरा, वजनदार मुद्दा आहे, तो म्हणजे नावांचा. फँटसीत दहा घराणी, चार प्रदेश, तीन धर्म आणि कधीच न ऐकलेली शेकडो नावं असतात. मानसशास्त्रात यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. एकच चेहरा दाखवून काहींना सांगितलं की याचं आडनाव बेकर, आणि काहींना सांगितलं की हा पाव भाजणारा बेकर. व्यवसाय लोकांच्या लक्षात राहिला, आडनाव निसटलं. व्यवसायाभोवती भट्टी, पीठ, वास असं पुष्कळ काही गोळा होतं. आडनावाला असं लटकायला काहीच नसतं, आणि लेखकाने स्वतः घडवलेल्या नावाला तर त्याहूनही कमी. चेहरा ही कमतरता झटकन भरून काढतो.

विषयाची चौकट आधीच हाताशी असण्याचा उपयोगही सिद्ध झालेला आहे. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये कपडे धुण्याचं वर्णन मुद्दाम संदिग्ध भाषेत लिहून लोकांना ऐकवलं. विषय आधी सांगितला तर मजकूर समजला आणि आठवलाही. नंतर सांगून फायदा झाला नाही. त्यामुळे पहिल्या शंभर पानांत कोण कुणाचा भाऊ हेच कळेना म्हणून पुस्तक खाली ठेवणाऱ्याला मी बिनदिक्कत सांगेन की पहिले एक-दोन भाग पाहा, मग पुस्तकाकडे परत या. काही चेहरे उसने घेऊन का होईना, कादंबरी वाचून होणं महत्त्वाचं.

आणखी एक गट आहे, ज्यांना हा सगळा वाद परका वाटेल. काही लोकांच्या मनात चित्रं उमटतच नाहीत. ॲडम झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याला अफँटेशिया हे नाव दिलं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशा लोकांना अंधाऱ्या खोलीत भीतीदायक कथा वाचायला दिल्या आणि त्वचेवरच्या घामाची मोजणी केली. चित्रं पाहू शकणाऱ्यांच्या अंगावर भीती चढत गेली. अफँटेशिया असलेल्यांची आलेखातली रेघ जवळपास सपाट राहिली. पण भीतीदायक छायाचित्रं दाखवताच दोन्ही गट सारखेच घाबरले. अशा वाचकाच्या बाबतीत पडदा काहीच हिरावून घेत नाही, उलट जे पुस्तक देऊ शकलं नाही ते देतो. त्याने हवा तो क्रम निवडावा.

बाकीच्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी वाचा, निदान पहिला खंड तरी. वेळ लागतो, हे खरं. इंग्रजीत कथासाहित्य मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २६० शब्द आहे, आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' चा पहिला खंड साधारण ३ लाख शब्दांचा. म्हणजे सुमारे १९ तास. त्यावरचा पहिला सीझन १० भागांचा, त्याच्या जवळपास निम्म्या वेळात संपतो. उरलेल्या तासांत पात्रं विचार करत असतात, जुनं आठवत असतात, स्वतःशीच खोटं बोलत असतात. हे कॅमेऱ्याला फारसं पकडता येत नाही.

वाचून झाल्यावर लगेच मालिका मात्र लावू नका. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये दाखवलं की थोडा मजकूर पुढे गेला की वाक्याची नेमकी शब्दरचना मनातून निसटते, अर्थ राहतो. लांब कादंबरीचंही काही महिन्यांनी असंच होतं, असा माझा अनुभव आहे. माणसं, त्यांची दुःखं, मोठी वळणं राहतात. कुठला संवाद गाळला, कुठली तलवार बदलली, याची मोजणी करणारा मनातला पर्यवेक्षक झोपी जातो. कालच पुस्तक संपवून आज पहिला भाग लावणारा प्रेक्षक पूर्ण तासभर तपासणीच करतो.

ज्यांनी मालिका आधीच पाहिली आहे त्यांच्यासाठीही दार बंद झालेलं नाही. रूपांतरात पात्रं गळतात, आणि गळलेल्या पात्रांना कुठल्याही नटाचा चेहरा चिकटलेला नसतो. 'गेम ऑफ थ्रोन्स' च्या चौथ्या खंडात आरिआन मार्टेल नावाची राजकन्या आहे. हुशार, उतावळी, बापाने आपल्याला डावललं या समजुतीने पेटलेली. मालिकेत ती नाहीच. आठही सीझन पाठ असलेल्यांनी तो खंड तिच्यासाठी वाचावा.