दहा फेऱ्या वाचल्या, त्या कुणाच्या पैशांनी?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की बऱ्याच जणींना पुढे रेडिएशन घ्यावं लागतं. हात डोक्यामागे घेऊन टेबलावर निजायचं. त्वचेवर टोचलेल्या बारीक ठिपक्यांशी यंत्राच्या प्रकाशरेषा जुळवल्या जातात, सगळे खोलीबाहेर निघून जातात, यंत्र काही मिनिटं घरघरतं आणि संपतं. काम मिनिटांचं, पण जाण्या-येण्यात आणि थांबण्यात अख्खा दिवस जातो. कितीतरी वर्षं हे 25 वेळा करावं लागे, म्हणजे पाच आठवडे. सोबत येणाऱ्याचेही तेवढेच दिवस मोडत.

25 वेळा कशासाठी? किरणांनी पेशींमधला डीएनए तुटतो. निरोगी पेशी तो मधल्या वेळात बऱ्यापैकी सांधून घेतात, गाठीच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. म्हणून डोस थोडा थोडा दिला तर गाठ मरते आणि आजूबाजूचा भाग वाचतो, असा जुना हिशोब होता. ब्रिटनमधल्या काही डॉक्टरांना मात्र शंका होती, की स्तनाच्या कॅन्सरच्या बाबतीत या तुकड्यांचा फारसा फायदा होत नसावा. त्यांनी 'स्टार्ट' नावाच्या चाचण्या घेतल्या. त्यातल्या एकीत 2,215 स्त्रिया होत्या. काहींना नेहमीप्रमाणे 25 वेळा रेडिएशन, तर काहींना दर वेळी थोडा मोठा डोस देऊन फक्त 15 वेळा. दहा वर्षांचे निकाल 2013 मध्ये आले. तीन आठवड्यांच्या गटात कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं, उलट स्तन आक्रसणं, सुजणं असे त्रास कमी होते.

आता पैशांचं. 'दहा वेळा कमी या' हे उत्तर बाटलीत भरून विकता येत नाही. नवं औषध काढणाऱ्या कंपनीला चाचणीचा खर्च पुढे विक्रीतून वसूल करता येतो, इथे वसूल करायला काहीच नाही. स्टार्टचा खर्च सरकारी निधीने उचलला, आणि त्याच्या जोडीला 'कॅन्सर रिसर्च यूके' या संस्थेने, जी मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. मला देणगीचं खरं मोल इथे दिसतं. ज्या प्रश्नाच्या उत्तरात कुणाचाच नफा नाही, तो प्रश्न विचारायची सोय ती करून देते.

देणगीचं दुसरं काम म्हणजे आशा नुसती धुगधुगत असताना पाठीशी उभं राहणं. 1947 च्या अखेरीस बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. हे औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या चमूने तयार केलं होतं. सोळापैकी दहा मुलांचा आजार मागे हटला, पण तात्पुरताच. काही महिन्यांत तो परत आला. अशा कामावर कोण पैसे लावणार? 22 मे 1948 ला रेडिओवर एका आजारी मुलाच्या खाटेपाशी बेसबॉलचे खेळाडू आले. मुलाचं खरं नाव न सांगता त्याला 'जिमी' म्हटलं गेलं, आणि ऐकणाऱ्यांना मदतीची हाक दिली गेली. दोन लाख डॉलरच्या वर पैसे जमले. 'जिमी फंड' तिथून सुरू झाला. तो मुलगा मोठा झाला, म्हातारपण पाहून गेला. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आज, पुरेसे उपचार मिळाले तर, दहातली जवळपास नऊ मुलं पाच वर्षांच्या पुढे जगतात. अर्थात त्यात पुढच्या कित्येक दशकांच्या चाचण्या आहेत, आणि त्या चाचण्यांमध्ये ज्यांची स्वतःची मुलं वाचली नाहीत अशा आईबापांची संमतीही आहे.

देणगी देणाऱ्याला धीर मात्र धरावा लागतो. स्टार्टच्या त्या 15 वेळांच्या चाचणीत स्त्रियांची नोंदणी 1999 मध्ये सुरू झाली होती, म्हणजे दहा वर्षांचं उत्तर हाती यायला चौदा वर्षं गेली. दरम्यान पुढचा प्रश्न तयारच होता: 15 चे आणखी कमी होतील का? ती चाचणी सरकारी पैशांवर झाली, पण उभी राहिली ती स्टार्टच्याच पायावर. 2020 मध्ये तिचे पाच वर्षांचे निकाल आले. 15 च्या जागी 5 वेळा, एका आठवड्यात, आणि कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात काही उणं नाही.